हाका मोजणारे काका

पहिल्या दिवशी त्या माणसानं आमच्या घरात एकही तार ओढली नाही.

सकाळी दहाला आले. दारातच "जय भीम, ताई" म्हणाले, खांद्यावरची पिशवी कोपऱ्यात ठेवली, हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची उचलून जिन्याच्या तोंडाशी नेली आणि बसले ते बसलेच. मांडीवर शंभर पानी वही, कानामागे शिसपेन्सिल. मधूनच पेन्सिल काढायची, वहीत एक रेघ मारायची, पुन्हा कानामागे खोचायची. एक चहा झाला, दुसरा झाला. अकरा वाजले, बारा वाजले. मी गच्चीवरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खाली अशा माझ्या रोजच्या चकरा मारत होते आणि दर चकरेला हा माणूस जागच्या जागी. शेवटी माझं डोकं फिरलं.

"काका, कामाले कधी लागता?"

"लागलो ना. कवाचं चालू हाय."

"काय चालू हाय?"

"हाका मोजून राहिलो."

झालं! म्हटलं, नवऱ्यानं अकोल्याहून शोधून शोधून बह्याडच पाठवलं, ठार वेडं.

नवरा अकोल्याला नोकरीला, रोज अमरावतीहून जाऊन येऊन. त्याच्या ऑफिसातले फोन या काकांनी बसवलेले. त्यांची उभी हयात टेलिफोन खात्यात खांबावर चढण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घरोघरी इंटरकॉम बसवायचं काम धरलं. इंटरकॉम म्हणजे घरातल्या घरात, या खोलीतून त्या खोलीत बोलायचे फोन. आजकाल ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असताना ते कोण बसवतं, असं मीही नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तू एकदा त्या माणसाला घर दाखव, मग बोल."

मी मूळची अकोल्याचीच. गच्चीवर टिनाचं शेड टाकून दहावीच्या गणिताची शिकवणी घेते, तिथं मी पुस्तकातलं बोलते. घरात आणि रागात आमची वऱ्हाडी. त्या दिवशी घरही होतं आणि रागही होता.

दोन वाजता त्यांनी मला बोलावलं आणि वही पुढे केली. डाव्या बाजूला घरातल्या जागांची नावं, उजवीकडे रेघाच रेघा. "हे पाहा. गच्चीवरून तुमी पोट्ट्यायवर एकोणीस डाव वरडल्या. सैपाकखोलीतून खाली सात हाका. दूधवाल्यानं दोन मारल्या, तुमाले आयकू नाही गेल्या. तिसरी न मारताच थो निघून गेला."

"दूध आलं होतं?"

"आलं होतं. गेलं. पन थे जाऊ द्या." त्यांनी पेन्सिलीचं टोक वहीतल्या एका ओळीवर टेकवलं. त्या ओळीत एकही रेघ नव्हती, नुसतं एक मोठं शून्य काढलेलं होतं आणि त्याला दोनदा गोल केलेलं होतं. "ह्या खोलीतून सकाळपासून येक हाक नाही. कोन राह्यते तिथं?"

तिथं माझ्या सासूबाई राहायच्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. अकरा महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. जिना चढणं संपलं, म्हणून त्या खालच्या खोलीत आणि आमचा सगळा संसार वर. त्यांच्या उशाशी मी बेल लावून दिली होती. मोबाईलही दिला होता, पण डाव्या हाताच्या बोटानं तो सरकायचा नाही आणि अर्धा वेळ गोधडीत हरवलेला असायचा.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बेल तं दाबता येते?"

"येते."

"मंग तिचीबी रेघ नाही."

ते उठले, खोलीच्या दारात गेले, आईंना हात जोडले. "जय भीम, माय." आईंनी मान भिंतीकडे फिरवली. काकांनी त्याचं काही वाटून घेतलं नाही. त्यांची नजर तांब्यावर होती. मी सकाळी भरून ठेवलेला तांब्या, वर पालथा पेला, जसाच्या तसा. बाहेर येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "माय पानी पेत नाही, ताई. पानी पेलं का बाथरूमले जा लागते. बाथरूमले जा लागलं का तुमाले बोलवा लागते. तुमी वरून पयत येता, थे तिले पाहवत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा आईंना लघवीचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही वेळा विचारलं होतं, पाणी का पीत नाहीत? आणि मी दोन्ही वेळा म्हटलं होतं, "हट्टी आहेत हो." गणित शिकवणारी बाई मी! घरातलं एवढं साधं गणित मला अकरा महिने सुटलं नाही, आणि हा परका माणूस खुर्चीत बसून चार तासांत सोडवून मोकळा झाला.

आता आईंचं सांगते, कारण त्यांचा आवाज माहीत असल्याशिवाय त्यांचं गप्प होणं कळायचं नाही. त्या भातकुलीकडच्या, शेतात राबलेल्या. शेताच्या या बांधावर, या धुऱ्यावर उभं राहून त्या धुऱ्यावरच्या माणसाला बोलवायची सवय. शहरात आल्या तरी आवाज तोच. मी चौकात भाजी घेत असले तर त्या दारातून ओरडायच्या, "वांगे आनजो, पन किडके आनू नोको वं!" आणि अख्खी गल्ली माझ्या पिशवीत डोकावायची. आमचं दोघींचं स्वयंपाकावरून रोज वाजायचं. अकोल्यावाल्यायले सैपाक येत नाही, हे त्यांचं ठाम मत. माझं मत असं की भातकुलीवाल्यांना तिखटाशिवाय दुसरी चवच माहीत नाही. नवरा मध्ये पडायचा नाही, शहाणा माणूस.

लकव्यानंतर त्या बोलायला गेल्या की भलतेच आवाज निघायचे. एकदा भेटायला आलेल्या नात्यातल्या एका बाईला ते ऐकून हसू आवरलं नाही. पदर तोंडाला लावून हसली मेली. आईंनी ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून ओठ मिटून घेतले. डॉक्टर म्हणत होते, जेवढ्या बोलायला धडपडतील तेवढी वाचा परत येईल. गप्प राहिल्या तर आहे तीही जाईल. आम्ही हातापाया पडलो, रागावलो, लाडीगोडी लावली. काही उपयोग नाही. वाचा गेली ती गेलीच, असं मी मनातून धरून चालले होते.

काकांचं तसं नव्हतं. ते एकदा वहीत शून्य दिसलं की त्या घराचा पिच्छा सोडत नसत.

त्यांच्या एकेक तऱ्हा! तारेचं माप ते टेपनं घेत नसत, हातानं घेत. कोपरापासून बोटापर्यंत एक हात, असे भिंतीला धरून मोजत जायचे, आणि कधी वीतभर तार उरली नाही की कमी पडली नाही. खिळा ठोकण्याआधी भिंतीपलीकडे कोण झोपलंय ते विचारायचे. यंत्र कुठं बसवायचं ते घरमालकानं सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. "तुमी उभे राह्यता थे जागा सांगून राहिले. बोलनारा बसते कुठं, थे पाहा लागते." आईंच्या पलंगाशी ते गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "माय, डावा हात लांबवा बरं. आनखी. बस, तुमाले सोपं जाईन तेवढाच." जिथं बोटं टेकली तिथं पेन्सिलीनं खूण केली. खूण केल्यावर पुन्हा विचारलं, "झोपेतून उठल्यावरबी पुरन ना?" आई उत्तर देणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. तरी ते विचारायचे आणि उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबायचे. मला ते पाहून कसंतरी व्हायचं. आम्ही घरच्यांनी थांबणं केव्हाच सोडलं होतं.

एका डॉक्टरांच्या बंगल्यातली त्यांची गोष्ट अमरावतीत बऱ्याच जणांना माहीत आहे. डॉक्टरांना फाटकावरच्या चौकीदाराच्या खोलीत असा फोन हवा होता, जो बंगल्यातून केला की वाजेल, पण चौकीदाराला त्यावरून बंगल्यात फोन लावता येणार नाही. यंत्रात तशी सोय असते. काकांनी शिडी घडी केली. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ज्याले बोलावता येते त्याले बोलताबी आलं पाहिजे. येकतर्फी यंत्र म्या आजवर बसवलं नाही, तुमच्याइथंच कायले पाप लावून घेऊ?" आणि निघून आले. आठ दिवसांनी डॉक्टरांचाच निरोप आला की तुम्हाला हवं तसं बसवा. बसवल्यावर चौकीदारानं पहिला फोन लावला आणि घाबरत घाबरत म्हणाला, "साहेब, तुमचा आवाज फोनवर चांगला येते." डॉक्टर यावर काय बोलले ते काका सांगत नसत. "थे त्यायचं त्यायच्यात," म्हणायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरी अकोटला, एका घराचे दोन भाग करून दोघे भाऊ राहायचे. मधे एक भिंत. थोरल्याचं आणि यांचं समोरासमोर दोन मिनिटं पटायचं नाही. यांनी काय केलं? भिंतीला भोक पाडून दोन्हीकडे एकेक फोन बसवला. रोज संध्याकाळी तासभर दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे, कापसाचं, पावसाचं, मेलेल्या आईबापाचं. मी हसले तर म्हणाले, "तोंड दिसलं का आमचं डोस्कं फिरते, ताई. निसता आवाज आला का लहानपन आठवते."

"मग भेटताच नाही?"

"भेटतो ना पोयाच्या सनाले. भांडतो. घरी येऊन फोन करतो."

प्रोग्रामिंगचा दिवस म्हणजे तर घरात सोहळाच. जिन्याखाली एक पांढरा डबा बसवला होता, सगळ्या तारा त्यात गेलेल्या. कोणता फोन उचलला की कुठं घंटा वाजायची, हे त्या डब्याला आकडे दाबून शिकवावं लागतं. आकडे बरोबर गेले तर लांब सूर निघतो, चुकले तर तुटक तुटक. काकांनी पिशवीतून एक पाटी काढून जिन्याच्या कठड्याला अडकवली. तिच्यावर खडूनं लिहिलेलं, "प्रोग्रामिंग चालू आहे. हसू नये." पंखे बंद करायला लावले. माझ्या शिकवणीच्या पोरांना गच्चीवर मुकाट बसवलं. डोळे मिटले आणि आकडे मोठ्यानं म्हणत म्हणत एकेक बटण दाबू लागले.

"हसू नये कशाला?" मी नंतर विचारलं.

"येका घरी कोनीतरी हासलं अन् माहा आकडा चुकला. आजोबायनं फोन उचलला का गोठ्यात घंटी वाजे. म्हशीनं दोन दिस दूध नाही देल्लं."

खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण सांगताना चेहरा असा, की पाटी वाचूनसुद्धा हसू दाबणं मुश्कील.

आईंच्या फोनला त्यांनी आकडेच ठेवले नाहीत. नुसता उचलायचा, की स्वयंपाकघरात आणि गच्चीवरच्या शेडमध्ये दोन्हीकडे घंटा. मी कौतुकानं म्हटलं, "हे बरं झालं, मोबाईलपेक्षा सोपं." तर म्हणाले, "त्याच्यावर बोट फिरवा लागते. याले निसतं उचला लागते. पन उचलाची इच्छा म्या डब्यात नाही भरू शकत."

आणि मग त्यांची शेवटची अट. पहिला फोन घरातल्या सगळ्यात कमी हाका मारणाऱ्यानं करायचा. तो होईपर्यंत काम अपुरं. हॅलो हॅलो करून पाहणं त्यांना मान्यच नव्हतं. "थे यंत्राची तपासनी झाली. घराची कुठं झाली?" ते आईंच्या खोलीत गेले, रिसीव्हर काढून दाखवला, परत ठेवला आणि म्हणाले, "माय, घाई नाही. मी येत राह्यीन." आई छताकडे पाहत होत्या.

चार दिवसांनी, शिकवणी चालू असताना, शेडमधला फोन वाजला.

माझ्या हातातला खडू पडला. मी फोन उचलला, "आई? काय झालं? थांबा, आलीच!" आणि दोन-दोन पायऱ्या उतरत खाली. धापा टाकत खोलीत गेले. आईंनी रिसीव्हर छातीवर धरलेला. मी विचारलं, "बाथरूम?" मान हलली, नाही. "पाणी? दुखतंय कुठं? मग काय?" त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वाजला. पुन्हा मी धावले, पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी पोळी तव्यावर टाकून पळाले, ती जळली, वर धूर झाला, खाली पुन्हा काही नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नव्हतं तं उचलला काहून, आई?"

त्यानंतर फोन वाजला नाही. आठ दिवस नाही.

काका आले तेव्हा मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते यंत्र तपासतील. त्यांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. असे चिडले, की मी त्यांना तसं पुन्हा कधी पाहिलं नाही.

"तुमी पयत काहून आल्या?"

"म्हणजे? आईंनी बोलावलं, तर यायचं नाही?"

"तिनं बोलावलं नव्हतं! बोलवाले बेल होती ना. तिनं फोन केला होता, ताई. फोन. तुमच्या माहेरहून फोन आला का तुमी अकोल्याची बस धरता का?"

खरंच की. वर्षभरात त्या घरात आईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळे येऊन विचारायचे. दुखतंय का, पाहिजे का, झाली का. पोलिसासारखे प्रश्न नुसते. त्यांनी फोन उचलला तो वरच्या घरात काय चाललंय ते ऐकायला. आणि मी सून म्हणून माझं कर्तव्य दोन-दोन पायऱ्या उतरत पार पाडत होते.

"मग मी काय करू?" मी विचारलं. रडूच फुटलं होतं, लपवत नाही.

"आता तिले जड जाईन. तुमी लावा. अन् इचारू नोका काही. सांगा."

त्या दिवसापासून मी स्वयंपाकाला लागले की खालचा फोन लावायची. वाजला की आई रिसीव्हर उचलायच्या, पण गप्प. मी माझा रिसीव्हर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि मोठमोठ्यानं बोलत सुटायची. कांदा महाग झाला, मिरची कशी खोकला आणते, शेजारणीनं गच्चीवर आमच्या बाजूला पापड वाळत घातले. पहिले दोन दिवस मला वेड्यासारखं वाटलं. मग सवय झाली. मग, खरं सांगते, मलाच बरं वाटायला लागलं. नवरा दिवसभर अकोल्याला, पोरांशी फक्त गणित, आणि ज्या एका बाईशी मी वर्षानुवर्षं भांडत आले तिच्याशी मी इतकं कधी बोललेच नव्हते. पलीकडून काहीच यायचं नाही. पण फोन ठेवल्याचा आवाजही यायचा नाही. आणि संध्याकाळी तांब्या अर्धा रिकामा असायचा.

काका दर चार-आठ दिवसांनी यायचेच. यायचं कारण काही लागत नसे. तार बघतो, खरखर बघतो, इकडून चाललो होतो. आईंच्या दारात "जय भीम, माय" म्हणायचे आणि उत्तराला लागतो तेवढं थांबायचे. एक दिवस मला वाटलं, आईंची मान थोडी हलली. काका जिना चढताना गुणगुणत होते.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे त्या दुपारी ते माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभे राहून खिडकीवरची तार ठोकून बसवत होते. मी गोळ्यांच्या कढीची तयारी करत होते. वाटलेल्या डाळीचे गोळे वळून झाले होते, बेसन लावलेलं ताक गॅसवर चढवलं होतं. रिसीव्हर नेहमीसारखा मसाल्याच्या डब्याला टेकलेला. काका स्टुलावरून म्हणाले, "ताई, येक खिळा द्या बरं." मी खिळा शोधायला वळले आणि फोनकडे तोंड करून म्हटलं, "आई, कढी ठेवली. अजून उकळी नाही आली. झाकन ठेवून देते अन् काकायले खिळा देते."

झाकण ठेवलं. रिसीव्हरमधून खरखर आली. काका म्हणाले, "हे पाहा, खरखर हाय म्हनत होतो ना."

ती खरखर नव्हती.

"फु…" आवाज आला. थांबला. कुणीतरी भलंमोठं ओझं उचलायला बघावं तसा श्वास. "फु… टन."

कढी फुटेल. उकळी येईपर्यंत कढी हलवत राहावी लागते, झाकली की फुटते, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात आईंनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं. वर्षभर मिटलेलं तोंड उघडलं ते माझी चूक काढायला! हातातला खिळा टाकून मी दाराकडे धावले. आईंना मिठी मारायची होती, नवऱ्याला फोन करायचा होता, सगळंच एकदम करायचं होतं.

काका स्टुलावरून उतरले कधी आणि दारात आडवे उभे राहिले कधी, मला कळलंच नाही. दोन्ही हात चौकटीला. रिसीव्हरकडे बोट केलं, आणि कुणा म्हाताऱ्या माणसात मी कधी न पाहिलेल्या अशा विनवणीनं मान हलवून मला सांगितलं, नका जाऊ.

मी परत फिरले. रिसीव्हर कानाला लावला.

"आई," मी म्हटलं, "मंग काय करू?"

किती वेळ गेला कोण जाणे. मी थांबले. पहिल्यांदाच, उत्तराला लागतो तेवढं थांबले.

"हा… लव."

मी झाकण काढलं आणि पळीनं हलवायला लागले. डोळ्यातलं पाणी टपटप ओट्यावर. "हालवून राहिली, आई. हे पाहा, हालवून राहिली." मागं पाहिलं तर काका नव्हते. पिशवी घेऊन गेले होते, हातोडी ओट्यावरच विसरून. जाताना त्यांनी आईंच्या खोलीत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही, असं आमच्या उघड्या दारातून पाहणाऱ्या समोरच्या वहिनींनी नंतर सांगितलं. फाटकाबाहेर पिशवी खांद्याला लावून बराच वेळ नुसते उभे होते म्हणे.

कढी तोवर फुटली होतीच. झाकण काढलं तेव्हा पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. पण मी फोनवर म्हटलं, "वाचली, आई. तुमच्यामुळं वाचली."

संध्याकाळी त्याच कढीत भात कालवून मी आईंना भरवला. पहिला घास घेतल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दुसरा घास मुकाट्यानं घेतला. मी भांडी घेऊन वर आले, नळ सोडला, आणि स्वयंपाकघरातला फोन वाजला. त्यांनी स्वतःहून उचललेला. मी ओल्या हातानं रिसीव्हर घेतला आणि काही विचारलं नाही.

"ल…" आई म्हणाल्या. दम घेतला. "लबाड."

हसू आणि रडू एकदम येतं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी धावले नाही. ओट्याला टेकून, खाली फरशीवर बसून त्यांना सगळं कबूल केलं, कढी कशी फुटली, चोथा पळीनं कसा मोडला, दही घालून कसं सारखं करायला पाहिलं. त्या ऐकत होत्या. मधेच एक घोगरा आवाज आला, तो हसण्याचा होता, मी शपथेवर सांगते.

त्यांनी फोन ठेवून पाच मिनिटं झाली असतील. मी मोबाईलवरून काकांना लावला. ते अकोटच्या बसमध्ये होते, आजूबाजूला बराच गलका.

"काका, आईनं फोन केला. आपल्या मनानं केला."

त्यांनी बसच्या गलक्यात फोन दुसऱ्या कानाला लावला असावा. मग म्हणाले, "काय म्हनल्या?"

"लबाड म्हनल्या."

"कोनाले?"

"मले. कढी फुटली होती, मी वाचली म्हनून सांगतलं."

"मंग बराबर म्हनल्या," काका म्हणाले. "ठेवा आता फोन. माय वाट पाहून राह्यली असन."

मी मोबाईल कानावरून काढला, आणि स्वयंपाकघरातली घंटा पुन्हा वाजायला लागली.